एक एमबीचा ठराव

पडद्यावर इंग्रजीत जे उमटलं त्याचा सरळ अर्थ असा होता, की तुम्ही पाठवताय ते फार मोठं आहे, आम्ही घेत नाही. वर ४१३ असा आकडा होता. मी बावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. समोरच्याचा कागद न घेण्याची निदान पंचवीस कारणं मला तोंडपाठ आहेत. सही नाही, शिक्का नाही, तिकीट नाही, साहेब नाहीत, साहेब आहेत पण मूड नाही. पण ‘फार मोठं आहे’ हे कारण मला कधी सुचलं नव्हतं, आणि ते कुणी मलाच ऐकवेल असं तर स्वप्नातही आलं नव्हतं.

काम माझ्या मुलीचं होतं. तिचं नाव पूर्वी. बारावीनंतर तिला गुजरातेतल्या एका संस्थेत कापडावरची नक्षी शिकायला जायचं होतं. भिवंडीत राहून पोरगी कापडाच्या नादी लागली यात नवल नाही. नवल एवढंच, की संस्थेत जागा तीस होत्या आणि तरी तिला वाटत होतं आपण त्यात बसू. स्वतः काढलेली दहा चित्रं ३१ मे २००६ रोजी संध्याकाळी पाचच्या आत संस्थेच्या वेबसाइटवर चढवायची होती. पोस्टाने चालणार नव्हती, हातोहात चालणार नव्हती. पूर्वीने वर्षभर खपून दहा नक्ष्या काढल्या होत्या. तिवरांची मुळं, वाळत घातलेली जाळी, चिखलात उमटलेले बगळ्यांचे पाय असलं सगळं खाडीकडचं. मला चित्रातलं कळत नाही, पण ती दहा चित्रं पलंगावर मांडली तेव्हा मी चप्पल काढून खोलीत गेलो होतो.

“चित्रं तू काढ, कागदपत्रांचं माझ्यावर सोड,” असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संस्थेचं माहितीपत्रक आलं तसं मी ताब्यात घेतलं. फी भरल्याची पावती सुटी राहून हरवू नये म्हणून ती पत्रकाच्या पाठीवर डिंकाने चिकटवली आणि दोन्ही मिळून लॅमिनेशन करून आणलं. आमच्या घरात रेशनकार्डापासून कमळाच्या सातवीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं आहे. कमळा म्हणजे माझी बायको. ती म्हणते, मी गप्प बसले की एक दिवस मलाही करून आणतील.

चित्रं फोटो स्टुडिओतून स्कॅन करून सीडीवर घेतली आणि आम्ही आमच्या खाडीकाठ सार्वजनिक वाचनालयाच्या इंटरनेट कक्षात गेलो. आमच्या म्हणजे माझ्याच, कारण मी तिथला अकरा वर्षं सचिव होतो. गावात सायबर कॅफे चार होते, पण तिथे प्रत्येक कॉम्प्युटरला पडदे. त्या पडद्यांविरुद्ध दोन वर्षांपूर्वी मीच निवेदन दिलं होतं आणि निवेदन देतानाचा माझा फोटो पेपरात छापून आला होता. (तोही लॅमिनेट केलेला आहे.) त्या पडद्याआड आता माझी मुलगी बसणार? कमळा म्हणाली, “मग कल्याणला जाऊन या ना सरळ.” मी म्हटलं, सचिवाने स्वतःचं वाचनालय सोडून कल्याणला जायचं, हे बरं दिसेल का?

तर त्या दिवशी, मंगळवारी २३ मेला, ते ४१३ आलं. मी ओमकारला बोलावलं. ओमकार आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं बघतो. मुलगा हुशार, बोलायला सावकाश. म्हणजे वाक्य सुरू करतो आणि मध्ये विचार करतो. माझ्यासारख्या कामाच्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

“सर, हे प्रॉक्सीने अडवलंय,” तो म्हणाला.

प्रॉक्सी कोण ते मला माहीत होतं. वाचनालयात कॉम्प्युटर पाच आणि बाहेरची लाइन एकच, म्हणून मध्ये एक सहावा कॉम्प्युटर बसवला होता. बाहेर जे काही पाठवायचं ते आधी त्याच्या हातात द्यायचं. तो बघणार, नियमात बसलं तर पुढे सोडणार, नाहीतर आल्या पावली परत. थोडक्यात तो हेडक्लार्कच होता आणि मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी होती.

“एक एमबीच्या वरचं तो बाहेर सोडत नाही, सर. आपलं एकेक चित्र तीन एमबीचं आहे.”

“कुणी ठरवलं हे एक एमबी? कुठल्या मूर्खाने?”

ओमकारने भिंतीकडे पाहिलं. पूर्वीनेही पाहिलं. भिंतीवर फ्रेम करून ठराव क्रमांक १४ टांगला होता. एक एमबीपेक्षा मोठी कोणतीही वस्तू वाचनालयाबाहेर पाठवता येणार नाही. ही मर्यादा कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय बदलता येणार नाही. ठरावास सात दिवसांची लेखी सूचना आणि नऊपैकी पाच सभासद आवश्यक. सर्व्हरचा पासवर्ड लाखेने मोहरबंद पाकिटात अध्यक्षांच्या ताब्यात राहील. सूचक, श्री. केसरीनाथ तरे, सचिव.

हा ठराव मी पंढरीसाठी केला होता. पंढरी साड्यांच्या डिझाइनची दलाली करतो. आमच्या कक्षात बसून तो सुरतेला एवढ्या मोठ्या फायली पाठवायचा, की बाकीच्या चार कॉम्प्युटरांवर नुसती घड्याळं फिरत राहायची. सभासदांच्या तक्रारी आल्या. मी तीन रात्री जागून ठरावाचा मसुदा केला आणि त्यात पळवाट म्हणून ठेवली नाही. त्या मसुद्याचा मला अभिमान होता. त्या क्षणापर्यंत होता.

“सर, मर्यादा बदलायची गरजच नाही खरं तर,” ओमकार म्हणाला. “आपण फाइल लहान करून...”

“समजलं,” मी म्हटलं.

मला काहीही समजलं नव्हतं. पण मुलीसमोर, आपल्याच वाचनालयात, आपल्याच ठरावाखाली उभं राहून अजून काही समजावून घ्यायची माझी ताकद नव्हती.

घरी आलो तेव्हा शेजारचे सोमाकाका ओट्यावर बसले होते. सोमाकाका पोस्टात पार्सलच्या खिडकीवर तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावरही त्यांनी घरी एक तराजू ठेवलाय आणि चाळीतली लग्नपत्रिका पोस्टात जाण्याआधी त्यांच्या तराजूतून जाते. मी अडचण सांगितली. त्यांनी दहाही चित्रं तराजूत घातली आणि मान हलवली.

“साडेसहाशे ग्राम. कोण घेल हो एवढं? कागद किती जाड वापरलाय पोरीनं! पातळ कागदावर उतरवून घ्या, निम्म्यावर येतंय का नाय बघा.”

“काका, कॉम्प्युटरला कागदाचं वजन कळत नाही,” पूर्वी म्हणाली.

“खिडकीवरच्या माणसाला सगळं कळतं, बाळा,” सोमाकाका म्हणाले. “नायतर तुकडे करा. मोठं पार्सल घेत नसले की आमी लोकांना तेच सांगायचो. चार बारकी करून आणा.”

हे मला पटलं. इथे मी कबूल करतो, की घरात मी एकटाच असताना, पूर्वी क्लासला गेली असताना, पट्टी आणि ब्लेड घेऊन मी तिवराच्या मुळांचं चित्र चार सारख्या तुकड्यांत कापलं. रेषा अगदी सरळ आली. स्टुडिओत जाऊन चारही तुकडे वेगवेगळे स्कॅन करून आणले, वाचनालयात गेलो, ओमकारच्या नकळत पाठवून पाहिले. चारही वेळा ४१३. स्टुडिओवाल्याने तुकडा काचेवर ठेवून पूर्ण काच स्कॅन केली होती, त्यामुळे एक तुकडा आणि तीन तुकड्यांची पांढरी जागा मिळून वजन पुन्हा तीनच एमबी. आधी एक चित्र जात नव्हतं, आता एका चित्राचे चार भाग जात नव्हते.

पूर्वी घरी आली, तिने ते चार तुकडे पाहिले. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगावर बसली, तुकडे जुळवले आणि बराच वेळ त्या सरळ रेषेवरून बोट फिरवत राहिली. सीडीवर त्याची प्रत होती, पण मुलाखतीला मूळ चित्रं न्यावी लागणार होती. मग उठून तिने कोरा कागद घेतला आणि तेच चित्र पहिल्यापासून काढायला बसली. दोन दिवस लागले, आणि सीडीवरही मग तेच नवं चित्र घातलं. त्या दोन दिवसांत माझ्या ताटात काय वाढलं जात होतं हे मला आठवत नाही. कमळा एकच वाक्य बोलली, “तुम्ही त्या ओमकारला एकदा पुरतं बोलू द्या.” मी म्हटलं, आता जे करायचं ते नियमाने. ठराव मी केला, ठराव मीच बदलणार.

सात दिवसांची सूचना मी त्याच मंगळवारी, वाचनालयातून निघण्याआधी, हाताशी असावी म्हणून काढून ठेवली होती हे नशीब. सभा तीस तारखेला. विषय एकच, मर्यादा एक एमबीवरून दहा एमबी करणे. नऊच्या नऊ जणांना सूचना पोचल्याच्या सह्या घेतल्या. पण माणूस नियमाच्या नादात पंचांग विसरतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या आगरी घरांत जो माणूस रिकामा सापडेल तो एकतर आजारी असतो नाहीतर रुसलेला. मांडव, हळद, लग्न, पूजा, आणि ते संपलं की दुसऱ्या घरचा मांडव. तीस तारखेला संध्याकाळी सभेला मी हजर होतो आणि पंखा हजर होता. पूर्वी दारात उभी राहून घड्याळ बघत होती. मी इतिवृत्तात ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असं लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

एकतीस तारखेला सकाळी मी अध्यक्षांना गाठायला खारबावला गेलो. अध्यक्ष महादूशेठ राहतात मानकोलीला, पण त्या दिवशी त्यांच्या भाचीचा मांडव खारबावला होता. कार्यकारिणीचे सहा जण तिथेच होते. म्हणजे गणपूर्ती होती, फक्त ती मटणाच्या टोपाभोवती होती. एका बाजूला धवलारीण लग्नविधीची गाणी म्हणत होती, दुसऱ्या बाजूला बेंजो वाजत होता, मध्ये मी इतिवृत्ताची वही छातीशी धरून.

“काय रं केसरीनाथ,” महादूशेठ ओरडले, “इथं पन मीटिंग? आज मांडव हाय, उद्या लगीन हाय, परवा पूजा हाय. सोमवारी ये ना!”

“शेठ, आज पाचच्या आत नाही झालं तर पोरीचं वर्ष गेलं.”

“अवरंच ना? आन इकरं.” त्यांनी हळदीच्या हाताने सही केली. चौघांनी त्यांच्या पाठोपाठ सह्या केल्या, विषय न वाचता. मी वाचून दाखवायला लागलो तर धवलारीण थांबून माझ्याकडे बघायला लागली. पाच सह्या झाल्या म्हणून मी वही मिटली, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. पंढरी. ठराव चौदा झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात तो निवडणूक लढवून कार्यकारिणीत आला होता. दिवसभर यंत्रमागवाल्यांत राहून त्याची निम्मी भाषा हिंदी झाली आहे.

“क्या साहेब, हमारा माल था तब एक एमबी, और अपनी बेटी का है तो दस?”

“पाच सह्या झाल्या आहेत, पंढरी.”

“झाल्यात ना. पन माझी हरकत लिहा. लेखी हरकत आली की परत सात दिवस. हे पन तुमीच घातलंय त्यात, कलम सहा.”

कलम सहा मी विसरलो होतो. पंढरी विसरला नव्हता. ज्याच्यासाठी नियम करावा त्यालाच तो पाठ असतो. मी त्याला बाजूला नेलं. “काय पाहिजे तुला?” “कुछ नहीं. लिखके दो. ठराव चौदा ही सचिवांची चूक होती. बस.” मी तिथेच, मांडवाच्या बांबूला टेकून, वहीत लिहिलं की ठराव क्रमांक चौदा ही सचिवांची चूक होती. अकरा वर्षांत त्या वहीत मी अशुद्ध असं काही लिहिलं नव्हतं, हेही शुद्धच होतं. पंढरीने ते दोनदा वाचलं, हरकत सोडली आणि मला खायला पान विचारलं. मी नको म्हटलं.

मग पासवर्डच्या पाकिटासाठी मानकोली. महादूशेठच्या घरी ते देव्हाऱ्यात सापडलं. लाखेचा शिक्का असलेली वस्तू मोलाची असणार म्हणून दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि वर झेंडूची सुकलेली पाकळी होती. तिथून वाचनालयात पोचायला पावणेतीन वाजले. ओमकार आणि पूर्वी पायरीवर बसले होते. लाइट गेली होती, चार वाजता येणार होती. तो सव्वा तास आम्ही तिघांनी पायरीवरच काढला. शेजारच्या कारखान्यातले मागही बंद होते.

चारला लाइट आली. मी पाकीट फोडलं. ओमकारने पासवर्ड टाकला, एका फायलीत एका आकड्यापुढे एक शून्य वाढवलं, सर्व्हर बंद करून चालू केला. “झालं, सर.” मी घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिट लागलं होतं. नऊ दिवस आणि अर्धं मिनिट.

पूर्वीने पहिलं चित्र निवडून बटण दाबलं. निळी पट्टी सरकायला लागली. आमच्या दारातून माझ्या मुलीचं चित्र बाहेर पडत होतं आणि मला खरंच भरून आलं. सात मिनिटांनी पट्टी शेवटाला टेकली. पान बदललं. वर आकडा होता, ४१३.

“ओमकार!” मी ओरडलो.

त्याने वाकून पाहिलं. “सर, हे आपलं नाही. आपल्याकडून गेलं. हे त्यांच्या सर्व्हरने परत पाठवलंय. त्यांचीही मर्यादा असेल. सूचना कुठे आहेत त्यांच्या?”

मी पिशवीतून माहितीपत्रक काढलं. पुढच्या बाजूला सूचना एक ते सहा होत्या. सूचना सातपासून पुढचं मागच्या बाजूला. मागच्या बाजूला फीची पावती होती, डिंकाने पक्की चिकटवलेली, वर प्लास्टिक. पूर्वीने पत्रक माझ्या हातातून घेतलं, खुर्चीवर चढून ट्यूबलाइटला लावलं आणि पावतीच्या आरपार वाचायला लागली. “आठ,” ती म्हणाली. “प्रत्येक चित्र... पाचशे... पाचशे केबीच्या आत.”

“पाचशे केबी म्हणजे किती एमबी?” मी विचारलं.

“अर्धा,” ओमकार म्हणाला.

मी खाली बसलो. आमच्या प्रॉक्सीची मर्यादा एक एमबी होती. चित्र अर्ध्या एमबीचं हवं होतं. म्हणजे ठराव बदलायचं काही कारणच नव्हतं. सूचना, सभा, मांडव, हळदीच्या सह्या, पंढरी, झेंडूची पाकळी, यातलं काहीच लागत नव्हतं. “पहिल्या दिवशी मी हेच सांगत होतो, सर,” ओमकार हळूच म्हणाला. “फाइल लहान करून देतो म्हणून. तुम्ही समजलं म्हणालात.”

साडेचार झाले होते. ओमकारने एकेक चित्र उघडून लहान करायला घेतलं. तो कॉम्प्युटर म्हातारा, एका चित्राला तीन मिनिटं घ्यायचा, मग पाठवायला एक. पूर्वी बाजूला उभी राहून आकडे म्हणत होती. एक गेलं. दोन गेलं. मी काय करू असं मी दोनदा विचारलं, तोवर तिसरं गेलं. पाचला दोन मिनिटं असताना सातवं गेलं. आठवं लहान होऊन तयार होतं, तिवराच्या मुळांचं, तिने दुसऱ्यांदा काढलेलं. बटण दाबलं. पान आलं, त्यावर लिहिलं होतं की अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

पूर्वी रडली नाही. तिने सीडी काढली, डबीत ठेवली, ओमकारला थँक यू म्हणाली. मी वाचनालयाच्या मागे जाऊन रडलो, कारण पुढे ठराव लावलेला होता. तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. दहापैकी सातच चित्रं मिळाल्याने अर्ज अपूर्ण. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मीही हेच लिहिलं असतं.

ते वर्ष पूर्वीने गावातल्या कॉलेजात काढलं, माझ्याच ऑफिसच्या खिडकीत फी भरून. मीही वाचनालयाचा सचिव राहिलो नाही. कुणी काढलं नाही, मीच राजीनामा दिला, आणि तो कुणी वाचायच्या आत मंजूर झाला.

पुढच्या एप्रिलमध्ये तिने पुन्हा अर्ज भरला. मी म्हटलं, मी काही करू का? ती म्हणाली, “नको, बाबा.” एवढंच. मग ती आणि कमळा एका दुपारी पडद्यांच्या कॅफेत गेल्या आणि पाऊण तासात परत आल्या. दहाही चित्रं पोचली होती. भरलेल्या अर्जाची छापील प्रत तिने टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेली.

प्रत सुटीच होती. सवयीने मी ती पहिल्या रकान्यापासून तपासायला बसलो. जन्मतारीख बरोबर, पत्ता बरोबर, पिनकोड बरोबर. बावीस वर्षांत इतका निर्दोष अर्ज माझ्या खिडकीवर आला नव्हता. खाली ‘पालकाचे नाव’ असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं होतं, सौ. कमळा केसरीनाथ तरे. मी ते दोनदा वाचलं. माझं नाव होतं, मधोमध होतं. मी प्रत होती तशी टेबलावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर चष्म्याची डबी ठेवली.